सूर्यफुलावरची गाडी

वाहतूक कार्यालयाची नोटीस हाती पडली की सामान्य नागरिक आधी शेवटची तारीख पाहतो. सरांनी तिच्यातल्या चुका मोजल्या. सात निघाल्या. "आपले वाहन आयुर्मर्यादा ओलांडलेले असल्याचे निदर्शनास आले असून साठ दिवसांच्या आत धूरचाचणी उत्तीर्ण न झाल्यास आपणास मोडीत काढण्यात येईल," या वाक्यात नेमके कोण मोडीत निघणार आहे, वाहन की वाहनाचा मालक, असा प्रश्न त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पत्नीला विचारला.

"दोघंही," पत्नी शेंगा सोलता सोलता म्हणाली. "वयं सारखीच झाली आहेत."

हे खरे नव्हते. सर एकाहत्तर वर्षांचे होते आणि गाडी बावीस. मात्र दोघांचेही सुटे भाग बाजारात मिळेनासे झाले होते, आणि पत्नीच्या मुद्द्याला तेवढा पुरावा पुरेसा होता. चौतीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवून सरांनी जगाकडून दोनच गोष्टी मिळवल्या होत्या. एक म्हणजे 'सर' हे संबोधन, जे आता पेपरवालाही वापरत असे. आणि दुसरी ही डिझेलवरची निळी गाडी, जिचा निळेपणा आता फक्त कागदपत्रांत शिल्लक होता.

नोटिशीनंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी ती चाचणीला नेली. धुराचा आकडा पासष्टाच्या आत यायला हवा होता. एक्क्याऐंशी आला. सरांच्या एकाही विद्यार्थ्याला इतिहासात कधी मिळाले नव्हते इतके गुण त्यांच्या गाडीने धुरात मिळवले, आणि नापास झाली. मेकॅनिकने बॉनेट उघडून आत डोकावून पाहिले आणि आजाऱ्याच्या नातेवाइकांना खोलीबाहेर बोलावून सांगतात तशा आवाजात सांगितले, "सर, आतून झिजली आहे. नवं इंजिन मिळत नाही, जुनं कुणी विकत नाही. आता हिला प्रेमानं निरोप द्या."

प्रश्न नुसता गाडीचा असता तर सरांनी तो थोड्या तत्त्वज्ञानाच्या आधाराने सोडवला असता. प्रश्न साडूंचा होता. दर रविवारी सर, त्यांची पत्नी, पत्नीची धाकटी बहीण आणि तिचे यजमान, म्हणजेच सरांचे साडू, असे चौघे शहराबाहेर तासाभरावर राहणाऱ्या सासूबाईंना भेटायला जात. गाडी सरांची असे. आणि गाडी ज्याची असते बोलण्याचा हक्कही त्याचाच असतो, या अलिखित कायद्यानुसार जाताना एक तास आणि येताना एक तास सर बोलत आणि साडू मागच्या सीटवर बसून ऐकत. बावीस वर्षांत साडूंनी तीन साम्राज्यांचा उदय, सहांचा अस्त आणि असंख्य तह निमूटपणे ऐकून घेतले होते. गेल्या वर्षी मात्र त्यांनी विजेवर चालणारी गाडी घेतली. सर त्या गाडीत एकदाच बसले होते, मागे, आणि त्या एका तासात त्यांना बॅटरीचे आरोग्य, बॅटरीचा आहार आणि बॅटरीचे मानसशास्त्र या विषयांची इतकी सखोल माहिती मिळाली की सासूबाईंच्या दारात उतरताना ते एक अक्षर बोलू शकले नाहीत.

नोटिशीची बातमी कळताच साडूंचा फोन आला.

"सर, मनाला लावून घेऊ नका हो. आमच्या गाडीतली मागची सीट तुमचीच. कायमची."

हा 'कायमची' शब्द सरांना आठवडाभर छळत राहिला. सत्ता जाणे आणि सत्तांतराची व्याख्याने मागच्या सीटवरून ऐकणे यांतला फरक इतिहासाच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. सर कुठलीही गोष्ट वाचनाने सुरू करत, आणि बहुतेक गोष्टी तिथेच संपत. ग्रंथालयात त्यांना आढळले की बियांच्या तेलावर अल्कोहोल आणि कॉस्टिक सोडा यांची प्रक्रिया केली असता एक पातळ इंधन तयार होते. त्याला बायोडिझेल म्हणतात. ते डिझेलच्या इंजिनात चालते. आणि, इथे सरांनी चष्मा काढून पुसला, त्याचा काळा धूर फार कमी निघतो. पुढचे एकोणीस दिवस त्यांनी एकतीस संदर्भ वाचले, टिपणे काढली, टिपणांची सूची केली. साठातले एकोणीस दिवस वाचनात घालवणे एखाद्याला उधळपट्टी वाटेल. सरांच्या लेखी तो संयम होता, कारण चाळीस संदर्भ वाचायचे राहून गेले होते.

"तेलाचा डबा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो," पत्नी म्हणाली. "सूर्यफुलाचं. पंधरा लिटर. घरपोच देतात."

"डब्यातलं तेल हे दुय्यम साधन आहे," सर म्हणाले. "त्यात कुणी काय मिसळलंय, कुणी काय गाळलंय, कशाचा पुरावा आहे? मी आयुष्यभर मूळ साधनांशिवाय एक विधान केलं नाही."

"हे विधान नाही. हे तेल आहे."

"तत्त्व तेच."

मूळ साधनांची दोन पोती आली. आत सूर्यफुलाच्या बिया होत्या. त्या नीट वाळायला हव्यात असे एकतीसांपैकी नऊ संदर्भांचे मत होते, म्हणून सरांनी त्या इमारतीच्या गच्चीवर पसरल्या. दुसऱ्या दिवशी आसपासच्या चार रस्त्यांवरची कबुतरे गच्चीवर भरली. ती येताना रिकामी आली होती, जाताना मात्र नव्हे. आणि जाण्याचा मार्ग सगळ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून होता.

अशा प्रसंगी शेजारी सल्ला देतात. सल्ला देणाऱ्या प्रत्येकाचे पहिले वाक्य "मला यातलं काही कळत नाही" हे असते, आणि पुढची वीस मिनिटे ते त्या वाक्याचा पुरावा सादर करतात. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले की बिया भाजून घ्याव्यात. वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या माहितीतल्या एका गृहस्थाने गाडीत खाद्यतेल घातले होते, आणि त्याची गाडी पुढे फक्त उलटी चालू लागली. "म्हणजे रिव्हर्समध्ये?" सरांनी विचारले. "ते मला काय माहीत," काकू म्हणाल्या, "पण ते घर सोडून गेले." इमारतीच्या सेक्रेटरींनी सल्ला दिला नाही. त्यांनी परिपत्रक काढले. सामाईक गच्चीचा कृषिविषयक वापर तात्काळ थांबवावा किंवा सदर माल आच्छादित करावा.

सरांनी परिपत्रकाला तीन पानी उत्तर लिहिले, त्याची प्रत स्वतःजवळ ठेवली, आणि बियांवर प्लास्टिकची ताडपत्री घातली. ताडपत्रीखाली बिया चार दिवस घामेजत पडल्या. त्या वाळत आहेत अशी सरांची समजूत होती. ही समजूत, इतिहासातल्या बहुतेक मोठ्या समजुतींप्रमाणे, पुढे महागात पडणार होती.

एव्हाना अल्कोहोलचा प्रश्न उभा राहिला. हवे होते ते मेथॅनॉल, जे विषारी असल्याने कोणी पीत नाही. पण अल्कोहोल या शब्दाचा शासनाच्या मनावर जो परिणाम होतो तो विषानेही कमी होत नाही. रसायनांच्या दुकानदाराने परवाना मागितला. सर परवाना कार्यालयात गेले. तिथल्या खिडकीत एक कारकून बाई बसल्या होत्या.

"किती हवंय?"

"पाच लिटर."

"पाच लिटरला परवाना लागत नाही."

"उत्तम. मग दुकानदार देत का नाही?"

"परवाना बघितल्याशिवाय कसा देईल?"

"पण तो लागत नाही ना?"

"लागत नाही, असं पत्र लागतं."

"ते कोण देतं?"

"आम्हीच."

"मग द्या."

"असं कसं देऊ? अर्ज करा. परवान्याचाच अर्ज. तो आम्ही नाकारतो. नाकारल्याचं जे पत्र येतं, तेच ते पत्र."

चौतीस वर्षांत सरांनी नोकरशाहीच्या उगमावर सहा व्याख्याने दिली होती. त्यांतले एकही आपल्याला समजले नव्हते, हे त्यांना त्या खिडकीपाशी कळले. अर्जातल्या 'हेतू' या रकान्यासाठी त्यांनी चार पानांची पुरवणी जोडली, तेवीस तळटीपांसह. बाईंनी ती पानांचा कोपरासुद्धा न दुमडता परत दिली आणि रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिले, 'घरगुती'. अर्ज नाकारला जायला अकरा दिवस लागले. तो लवकर नाकारला जावा म्हणून सर दोनदा खेपा घालून आले. दुसऱ्या खेपेला रांगेतल्या एका गृहस्थाने त्यांना धीर दिला, "होईल हो, नाकारला जाईल. माझ्या मेहुण्याचा तर पहिल्या फटक्यात नाकारला होता."

तेलगिरणीवाल्याने बिया हातात घेऊन दाबल्या, नाकाशी नेल्या आणि सरांकडे पाहिले. "ओल्या आहेत," तो म्हणाला.

"चार दिवस वाळवल्या आहेत."

"सर, तुम्ही शिकलेले. मी फक्त दाबून सांगतो."

सरांनी सांगितले की त्यांच्याकडे नऊ संदर्भ आहेत. गिरणीवाल्याने खांदे उडवले आणि तेल काढून दिले. ते काहीसे गढूळ होते. सरांना तो अस्सलपणा वाटला.

नोटिशीपासूनच्या अडतिसाव्या दिवशी, सकाळी दहा वाजता, बाल्कनीत पहिले इंधन करायला घेतले गेले. सरांनी पोहण्याचा चष्मा, रबरी हातमोजे आणि पत्नीचा एप्रन घातला होता. अल्कोहोलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवला गेला, तेल पंचावन्न अंशांपर्यंत तापवून चुलीपासून दूर आणले गेले, दोन्ही एकत्र झाले आणि सरांनी लाकडी डावाने ढवळायला सुरुवात केली. तासभर ढवळायचे होते. त्यानंतर जड ग्लिसरीन खाली बसेल आणि वर सोन्यासारखे इंधन तरंगेल, असे सर्व एकतीस संदर्भांचे एकमत होते. आणि विद्वानांचे एकमत ही किती दुर्मीळ गोष्ट आहे यावर सर ढवळता ढवळता बोलत होते, तेवढ्यात डाव हलायचा थांबला.

"काय झालं?" आतून पत्नीने विचारले.

"घट्ट होतंय."

ती बाहेर आली, वाकून पाहिले, सरांचा रबरी हातमोजा चढवून बोटाच्या टोकावर थोडेसे घेतले, नळाखाली धरले. फेस आला.

"अहो, साबण झालाय," ती म्हणाली.

ओल्या तेलाचे कॉस्टिक सोड्याशी फार जुने सख्य आहे, आणि त्या दोघांना एकत्र सोडले तर ते इंधन बनत नाहीत, साबण बनतात. हे एकतीसांपैकी बावीस संदर्भांत पहिल्याच पानावर होते. सरांनी ते वाचले होते. अधोरेखितही केले होते. पण आपण अधोरेखित केलेली गोष्ट आपल्याच बाल्कनीत घडेल अशी अपेक्षा कोणताही अभ्यासक ठेवत नाही.

याहून मोठी मानहानी कशाने झाली असेल तर त्या साबणाच्या यशाने. पत्नीने त्या साबणाने वर्षानुवर्षे काळवंडलेली चार पातेली घासली आणि ती आरशासारखी निघाली. काकूंनी ती पाहिली. दुसऱ्या दिवशी काकू वाटी घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर आले, आणि चौथ्या दिवशी, ज्यांनी कृषिविषयक वापराचे परिपत्रक काढले होते त्या सेक्रेटरींच्या घरून झाकणाचा डबा आला, आतमध्ये चिठ्ठी: 'जमल्यास थोडा वास घालावा.' चौतीस वर्षे शिकवून सरांकडे कोणी कधी अधिक मागितले नव्हते. साडूंचा फोन आला.

"सर, अभिनंदन! साबणाचा कारखाना काढलात म्हणे."

"चुकीची माहिती आहे."

"असू द्या हो. येत्या रविवारी आमच्याच गाडीनं येताय ना? मी तुमच्यासाठी मागे उशी ठेवलीय. मानेची."

सरांनी फोन ठेवला. मग ते स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "सोडून देऊ या. मोडीत काढू दे. मी बसेन मागे."

पत्नीने हातातले फडके खाली ठेवले.

"तुम्ही एकटे बसणार आहात का मागे?" ती म्हणाली. "मी पण बसणार आहे. धाकटी माझी ती. तिला मी शाळेत हात धरून नेलंय. आता दर रविवारी तिच्या अंबाड्याकडे बघत बसू? आणि ती आरशातून बघून म्हणणार, ताई, मागे गार लागतंय का गं?"

सरांनी पत्नीकडे पाहिले. एक्केचाळीस दिवस ते हे युद्ध स्वतःचे समजत होते. इतिहासाच्या कुठल्याही ग्रंथात मित्रराष्ट्राने इतक्या उशिरा आणि इतक्या थोड्या शब्दांत उडी घेतल्याची नोंद नाही.

"उरलेलं तेल कुठं आहे?" तिने विचारले.

तिने ते पातेल्यात ओतून मंद आचेवर ठेवले. पातेले तडतडू लागले. "पाणी आहे अजून," ती म्हणाली. "तडतड थांबली की उतरायचं, झाकण न ठेवता गार करायचं. तुमच्या एकतिसातल्या एकाला तरी स्वयंपाक येत होता का?"

या वेळी दोघांनी आळीपाळीने ढवळले. तिच्या पाळीत ती काहीच बोलली नाही. त्यांच्या पाळीत तेही बोलले नाहीत, आणि तरीही काम झाले, ही गोष्ट सरांच्या नंतर लक्षात आली. सकाळी बरणीच्या तळाशी गडद ग्लिसरीन बसले होते आणि वर, स्वच्छ, पिवळे, पाण्याहून थोडेसेच जाड असे इंधन होते. ते कोमट पाण्याने हळुवार धुतले गेले. पहिल्यांदा सरांनी बरणी उत्साहाने हलवली आणि आतमध्ये दही विरजल्यासारखे झाले, ते निवळायला दोन दिवस गेले. दुसऱ्यांदा पत्नीने बरणी हातातून काढून घेतली.

मग चाचण्या. सरांचा चाचण्यांवर विश्वास होता. त्यांनी आयुष्यभर त्या घेतल्या होत्या, दिल्या मात्र फारशा नव्हत्या. इंधनाच्या एका भागाला नऊ भाग मेथॅनॉल घालून पाहायचे. न बदललेले तेल उरले असेल तर ते थेंबाथेंबाने तळाशी बसते. तळाशी काही बसले नाही. सरांनी भिंग आणले. भिंगातूनही काही बसले नाही. थंडीत गोठते का ते पाहण्यासाठी एक बाटली फ्रीजरमध्ये मटारांशेजारी ठेवली गेली, वर चिठ्ठी लावून: 'हे खाद्य नाही. हे प्रमाण आहे.' इंधन प्रत्येक कसोटीला उतरले. सर दिवसभर ती बरणी खिडकीच्या उजेडात धरून बसले, आणि जो येईल त्याला तिच्यातून पलीकडचा पेपर वाचून दाखवू लागले.

पन्नासाव्या दिवशी, रविवारी, गाडी त्या इंधनावर सासूबाईंकडे निघाली. मागे साडूंची गाडी, पुरावा म्हणून. सरांच्या गाडीच्या नळीतून धुराऐवजी तळणीचा वास येत होता, आणि चौकात उभ्या असलेल्या लोकांच्या माना वासाच्या दिशेने वळत होत्या. सर काच खाली करून प्रत्येकाला कारण सांगणार होते, पण तिसऱ्या चौकात गाडी दोनदा उचकली आणि थांबली.

साडू उतरून आले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. "भूक लागली असेल," ते म्हणाले, आणि मग ढकलायला वाकले. विजेवर चालणाऱ्या गाडीचा मालक, स्वच्छ पांढऱ्या शर्टात, सूर्यफुलावर चालणारी गाडी भर चौकातून ढकलत आहे, आणि स्टीअरिंगवर एक इतिहासतज्ज्ञ ताठ बसला आहे, हे दृश्य पाहायला जेवढे लोक थांबले तेवढे सरांच्या कुठल्याही व्याख्यानाला कधी थांबले नव्हते.

"सर," फोन करून बोलावलेल्या मेकॅनिकने फिल्टर काढून दाखवला. तो काळ्या चिकट घाणीने भरला होता. "तुमच्या या तेलात काहीच वाईट नाही. उलट फारच चांगलं आहे. बावीस वर्षांचा मळ टाकीतून सुटलाय. टाकीनं पहिल्यांदा आंघोळ केली, आणि पाणी सगळं इथं येऊन तुंबलं." त्याने फिल्टर बदलला, सगळ्या नळ्या साफ केल्या, आणि जाताना हळूच विचारले, "साबण उरलाय का हो?"

अठ्ठावन्नाव्या दिवशी, नियम होता म्हणून नव्हे तर गाडी पुन्हा थांबली तर असावे म्हणून, सर आणि पत्नी यांच्यामागोमाग साडूही धूरचाचणी केंद्रावर आले. केंद्र म्हणजे एक शेड, एक टेबल, टेबलावर यंत्र, आणि यंत्रामागे तोंडात काडी धरलेला चालक. त्याने गाडीच्या मागच्या नळीत यंत्राची नळी घातली. सरांनी अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन गुरगुरले. चालकाने पडद्याकडे पाहिले.

"इंजिन चालू करा."

"चालूच आहे."

"नाही."

"ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"मला येतंय. मशीनला येत नाही." त्याने पडदा सरांकडे वळवला. तिथे 'नळी बाहेर' असे लाल अक्षरांत लुकलुकत होते. "आकडा तीन आलाय. पाचाच्या खाली आला की मशीन समजतं, नळी गाडीत घातलेलीच नाही. डिझेल गाडीला पाचाच्या खाली येतच नाही."

"आला आहे. आत्ता. तुमच्या डोळ्यांदेखत."

"म्हणूनच मशीन मानत नाही."

सरांच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो त्यांच्या पत्नीने एकदाच पाहिला होता, महाविद्यालयाने त्यांना निरोप देताना सन्मानचिन्हावर दुसऱ्याच प्राध्यापकाचे नाव घातले होते तेव्हा. त्यांनी संथ, सुस्पष्ट, पूर्ण वाक्यांत बोलायला सुरुवात केली. त्यांनी सांगितले की एखाद्या व्यवस्थेला स्वच्छता ओळखता येत नसेल तर तिला अस्वच्छता तरी कशी ओळखता येते. की ही मर्यादा ज्याने आखली त्याने निर्दोष आरोपी असतो ही शक्यताच गृहीत धरलेली नाही. की अशा व्यवस्था कशा कोसळतात याची सनावळी त्यांना पाठ आहे. चालक काडी चघळत ऐकत होता.

"बरोबर आहे, सर," तो म्हणाला. "समोर पंप आहे. अर्धी बाटली डिझेल घाला आणि थोडी दामटा. बारा-पंधरा येईल. पास."

"स्वच्छतेची परीक्षा पास होण्यासाठी मी गाडी मळवू?"

"मग तक्रार करा. नव्वद दिवसांत उत्तर येतं."

उरले होते दोन दिवस. साडू पुढे झाले. सरांना वाटले, आता हसतील. साडू हसले नाहीत. त्यांनी आपल्या गाडीकडे हात केला. "माझी वापरा म्हटलं असतं. पण माझ्या गाडीला नळीच नाही."

चालकाने एक सुस्कारा सोडला. सुस्काऱ्यात एवढाच मजकूर होता की सकाळपासूनच्या एकोणतीस गाड्यांपैकी एकीनेही त्याला विचार करायला लावला नव्हता. तो उठला, शेडमागे उभ्या असलेल्या आपल्या मालवाहू व्हॅनपाशी गेला, ती सुरू केली, यंत्राची नळी तिच्या मागे खुपसली, आणि सरांच्या गाडीचा क्रमांक टाकून बटण दाबले. यंत्राने आनंदाने आकडा दिला. एक्केचाळीस. कागद बाहेर आला.

"हे असत्य आहे," सर म्हणाले.

"हो," चालक म्हणाला. "पण शिक्का आहे."

सरांचे दोन्ही हात पाठीमागे होते. चालकाने कागद हवेत तसाच धरला होता. पत्नीने तो घेतला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. "चला," ती म्हणाली. तिने सरांकडे पाहिले नाही, आणि ते त्यांनी तिचे उपकार म्हणून नोंदवले.

एकोणसाठाव्या दिवशी वाहतूक कार्यालयाच्या खिडकीपाशी सर उभे होते. मागे पत्नी, तिच्या मागे साडू. खिडकीतले अधिकारी वयाने मोठे होते, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. सगळ्या इमारतीत कागद खरोखर वाचणारा हा एकच माणूस असावा, आणि तो नेमका आज कामावर होता. त्यांनी प्रमाणपत्र दोनदा वाचले.

"पहिल्या चाचणीला एक्क्याऐंशी," ते म्हणाले. "आता एक्केचाळीस. बावीस वर्षांच्या गाडीला?" त्यांनी चष्म्यावरून पाहिले. त्या नजरेत संशय नव्हता. त्याहून वाईट, त्यात कुतूहल होते. "काय घालता हो हिच्यात?"

साठ दिवसांत हा प्रश्न सरांना कोणीही विचारला नव्हता. लोकांनी साबण मागितला, वास विचारला, उशी देऊ केली. पण, काय घालता, कसे केले, हे शिकलेल्या माणसाने शिकलेल्या माणसाला विचारावे तसे कोणी विचारले नव्हते. सरांच्या घशाशी एकतीस संदर्भ एकदम आले. बिया, ताडपत्री, गिरणी, ओलावा, तडतड, ग्लिसरीन, एकास नऊ, मटारांशेजारची बाटली. त्यांनी खिडकीच्या फळीवर दोन्ही हात टेकले, घसा साफ केला.

अधिकाऱ्यांनी पेन उचलून फॉर्मवरच्या 'इंधन' या रकान्यावर ठेवले. रकान्यात चार चौकोन होते. पाचव्या ओळीत बारीक अक्षरांत छापले होते की उपरोक्तव्यतिरिक्त इंधन आढळल्यास वाहन तपासणी होईपर्यंत कार्यालयाच्या आवारात जमा करण्यात येईल. खिडकीतून ते आवार दिसत होते. तिथल्या गाड्यांच्या छतांवर गवत उगवले होते.

मागे पत्नीने वळून साडूंकडे पाहिले. त्यांनी तोंड उघडले असते तर सगळे संपले असते, आणि त्यांना ते माहीत होते.

"डिझेल," सर म्हणाले.

"नुसतं?"

"नुसतं."

"पंपावरचंच," मागून साडू म्हणाले. "मी स्वतः पाहिलंय भरताना."

अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावरचे कुतूहल विझले. ते थोडे खट्टू झालेसे वाटले. त्यांनी चौकोनात बरोबरची खूण केली, शेरा लिहिला, शिक्का मारला आणि फॉर्म फिरवून सरांपुढे ठेवला. शेऱ्यात सुवाच्य अक्षरांत लिहिले होते: 'धूर समाधानकारक.' त्याखाली छापील ओळ होती, 'वरील सर्व मजकूर मी वाचला असून तो माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे,' आणि तिच्याखाली सहीसाठी जागा.

सरांनी वरील सर्व मजकूर वाचला. पुन्हा वाचला. मग खिशातून स्वतःचे पेन काढले आणि सही केली, वळणदार, पूर्ण नावानिशी.

"छान अक्षर आहे," अधिकारी म्हणाले. "काय करत होता?"

"इतिहास," सर म्हणाले.